अश्रु आणि अनुमान

१

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रांत सामाजिक सुधारणेचा जो वाद माजला, त्यांतून निर्माण झालेल्या वाङ्मयाविषयीं बोलतांना आपण एक सोयीची वांटणी करीत आलों आहों. गोपाळ गणेश आगरकर हे बुद्धीच्या बाजूचे आणि हरि नारायण आपटे हे हृदयाच्या बाजूचे. एकानें युक्तिवादानें रूढीचा पाया खणावा, दुसऱ्यानें तिच्याखालीं चिरडलेल्या जिवाची कहाणी सांगून वाचकांच्या डोळ्यांस पाणी आणावें, असा जणूं श्रमविभागच त्या दोघांत झाला होता! ही वांटणी विद्यार्थ्यांस पाठ करण्यास सोपी, परीक्षकांस तपासण्यास सोपी आणि व्याख्यात्यांस तर टाळ्या मिळवून देणारी आहे. तिच्या मागोमाग येणारा प्रश्नहि ठरलेला असतो: समाज बदलला तो कशामुळें, तर्कामुळें कीं भावनेमुळें? आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणें ज्याचें त्याचें उत्तरहि ठरलेलें असतें.

ह्या वांटणींत कांहींच तथ्य नाहीं असें मला म्हणावयाचें नाहीं. ‘सुधारकां’तील निबंध आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी एकापाठोपाठ एक वाचणाऱ्यास आपण एका घरांतून निघून अगदीं निराळ्या घरांत आल्यासारखें वाटतें, हें खरेंच. परंतु तर्काचें एक आणि भावनेचें एक अशीं दोन स्वतंत्र राज्यें असल्यामुळें हा फरक पडतो, कीं एकाच विचाराच्या दोन अवस्था आपण दोन ठिकाणीं पाहतों म्हणून पडतो, हें तपासून पाहण्यासारखें आहे. हा प्रश्न केवळ वाङ्मयाच्या इतिहासाचा नाहीं. पुस्तक वाचून झाल्यावर तें मिटून ठेवणाऱ्या प्रत्येक वाचकाशीं त्याचा संबंध आहे. माझ्याशीं तो कसा आला, तें मी शेवटीं सांगणार आहें.

२

प्रथम आगरकरांकडे पाहूं. ‘केसरी’ सोडून १८८८ सालीं त्यांनीं ‘सुधारक’ काढला, आणि १८९५ सालीं, वयाला चाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तोंच ते गेले. सातच वर्षें, परंतु तेवढ्या काळांत त्यांनीं मराठी निबंधाला जी शिस्त लावली तिला तोड नाहीं. त्यांची रीत बहुधा ठरलेली. एखादा आचार घ्यावयाचा. तो कसा उत्पन्न झाला असेल हें पाहावयाचें. ज्या हेतूनें तो उत्पन्न झाला तो हेतु आज शिल्लक आहे काय, हें विचारावयाचें. त्यापासून लाभ कोणाला आणि हानि कोणाची, याचा हिशेब मांडावयाचा. आणि मग निर्णय सांगावयाचा. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाचा संस्कार ह्या रीतींत उघड दिसतो. ज्या ग्रंथकारानें ‘वाक्यमीमांसा’ लिहून मराठी वाक्याचे अवयव सुटे करून दाखविले, त्यानें समाजाच्या आचारांचेंहि पृथक्करण करावें हें साहजिकच होतें.

तरीहि तर्क एकटा कोठपर्यंत जातो, हें पाहण्यास संमतिवयाच्या कायद्याचा वाद पुरेसा आहे. १८९१ सालच्या ह्या कायद्यानें मुलीच्या संमतीचें वय दहाचें बारा झालें. त्या वेळीं विरुद्ध पक्षाला तर्क येत नव्हता असें कोणी म्हणेल काय? परकीय सरकारनें आमच्या गृहाचारांत हात घालूं नये, हें एकदां गृहीत धरलें कीं तेथून पुढच्या पायऱ्या लोकमान्य टिळकांसारख्या कुशाग्र पुरुषानें बिनचूक चढून दाखविल्याच होत्या. आगरकरांच्या पायऱ्याहि तितक्याच बिनचूक होत्या. फरक होता तो पहिल्या पायरीचा. एकाच्या मनांत राष्ट्राच्या मानखंडनेचें शल्य पहिलें होतें, तर दुसऱ्याच्या मनांत दहा वर्षांच्या पोरीची वेदना पहिली होती. आणि कोणतें शल्य पहिलें धरावें, हें तर्कशास्त्राचें कोणतेंहि सूत्र सांगत नाहीं. तें माणसाच्या अंतःकरणांत आधींच ठरलेलें असतें. तर्क मागाहून येतो आणि त्या ठरलेल्या गोष्टीला वाट करून देतो.

म्हणून आगरकरांना ‘शुष्क’ म्हणणारांचें मला नवल वाटतें. एम्. ए. झाल्यावर पोटापुरतें घेऊन उरलेला सारा काळ लोककार्याला देण्याचा निश्चय ज्यानें दरिद्री आईला पत्रानें कळविला, स्वतःच्या हयातींत स्वतःची प्रेतयात्रा निघालेली ज्यानें पाहिली आणि तरी दुसरे दिवशीं ज्याची लेखणी थांबली नाहीं, त्याचें बळ केवळ अनुमानाचें होतें काय? शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचें भाषांतर १८८३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें, त्याचें नांव ‘विकारविलसित’. विकारांचा खेळ ज्याला ठाऊकच नाहीं त्याला हें नांव सुचत नाहीं. आणि त्या नाटकाचा नायक तरी कोण? ज्याला विचार करण्याची कांहीं वाण नाहीं, परंतु विचार आणि कृति यांची गांठ मारतां येत नाहीं, असा राजपुत्र. तर्कवादी म्हणून प्रसिद्धि पावलेल्या लेखकानें उमेदीच्या काळीं भाषांतरासाठीं नेमकें हेंच नाटक निवडावें, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

आगरकरांच्या गुरूची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जॉन स्टुअर्ट मिल्ल ह्याला बापानें लहानपणापासून केवळ पृथक्करणाच्या खुराकावर वाढविलें. १८२६ सालीं, विसाव्या वर्षीं, त्याला एकाएकीं असें दिसून आलें, कीं आपण इच्छिलेल्या साऱ्या सुधारणा ह्या क्षणीं झाल्या तरी आपल्याला आनंद होणार नाहीं! ह्या खिन्नतेंतून तो बाहेर कसा आला, हें त्यानेंच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. मार्मोंतेल ह्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतां वाचतां, बापाच्या मृत्यूनंतर एक लहान मुलगा घरच्यांना धीर देतो त्या प्रसंगापाशीं तो आला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. पुढें ज्यानें तर्कशास्त्रावर युगप्रवर्तक ग्रंथ लिहिला, त्याचें मन अश्रूंनीं ताळ्यावर आलें. पण येथेंहि एक गोष्ट विसरूं नये. रडून मोकळा झाल्यावर मिल्लनें पृथक्करण टाकून दिलें नाहीं. त्यानें तें पुन्हां हातीं घेतलें, आणि १८६९ सालीं स्त्रियांच्या दास्यावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत तें कामालाहि लाविलें.

आगरकरांत दोष नव्हते असें नाहीं. खोडून काढलेली समजूत मनांतून निघून जाते, असा त्यांचा कांहींसा भोळा विश्वास होता. समजूत खोडली जाते, परंतु तिच्याभोंवतीं गुंडाळलेला स्नेह, भय, आईबापांची आठवण हीं खोडलीं जात नाहींत. प्रेतसंस्कारांवर लिहितांना त्यांनीं जो उपहास केला तो तर्काला धरून होता. पण नुकतेंच ज्याच्या घरीं कोणी गेलें आहे त्याला तो कसा लागेल, याचा विचार त्यांत थोडा होता.

३

आतां हरिभाऊंकडे वळूं. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली, आणि १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. यमूनें स्वतःच्या तोंडानें सांगितलेली ही कहाणी मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या वाचली गेली आणि तिच्यावर पुष्कळ अश्रु गाळले गेले. परंतु ह्या अश्रूंच्या मागें जी योजना आहे ती केवळ हळव्या मनाची नव्हे.

यमूला नवरा कसा दिला आहे, हें पाहा. रघुनाथराव सुशिक्षित आहे, प्रेमळ आहे, बायकोनें शिकावें असें त्याला वाटतें. तिची मैत्रीण दुर्गी हिच्या वांट्याला मात्र नेमका उलट नवरा आला आहे. एखाद्या सामान्य लेखकानें नायिकेलाच वाईट नवरा देऊन दुःखाचा डोंगर रचला असता, आणि वाचकानें सुस्कारा टाकून म्हटलें असतें, ‘नशीब तिचें!’ हरिभाऊंनीं ही पळवाट बंद केली. यमूचा नवरा चांगला आहे, तिचा भाऊ तिच्यावर माया करणारा आहे, ती स्वतः शहाणी आहे. सर्व अनुकूल आहे आणि तरीहि नवरा जातांच तिचें सर्वस्व जातें. तिचे केस गेले, मान गेला, स्वतःच्या देहावरची सत्ताहि गेली. जें जें व्यक्तीच्या गुणदोषांवर अवलंबून होतें तें सारें चांगलें करून ठेविल्यावर दुःखाचें कारण म्हणून काय उरतें? रूढि उरते. एकच गोष्ट बदलावयाची, बाकीच्या स्थिर ठेवावयाच्या, आणि परिणामावरून कारण ठरवावयाचें, ही मिल्लच्या तर्कशास्त्रांतील व्यतिरेकाची रीत होय. हरिभाऊंनीं ती समोर ठेवून कादंबरी रचली असें मी म्हणत नाहीं. परंतु कादंबरीची बांधणी तशी आहे, आणि म्हणूनच तिच्यांतील रडें हें नुसतें रडें राहत नाहीं.

ह्या कादंबरीचा दोषहि तर्काचाच आहे, भावनेचा नव्हे. तो आहे शंकरमामंजींच्या चित्रांत. हा मनुष्य इतका दांभिक आणि इतका दुष्ट रंगविला आहे, कीं वाचकाला त्याच्यांत स्वतःचें तोंड दिसत नाहीं. ‘आमच्यांत असा कोणी नाहीं बुवा’ असें म्हणून तो निश्चिंत होतो. दुःखाचें कारण रूढि आहे हें इतक्या काळजीनें सिद्ध केल्यावर अशा एका काळ्याकुट्ट माणसाला उभा करणें म्हणजे बंद केलेली पळवाट दुसऱ्या बाजूनें उघडणें होय. प्रत्यक्षांत त्या काळीं मुलीसुनांचे केस उतरविण्यास संमति देणारे बहुतेक लोक शंकरमामंजी नव्हते. ते तुमच्या आमच्यासारखे सौम्य, सुस्वभावी, लोकांच्या बोलण्याला भिणारे गृहस्थ होते.

४

तिसरें उदाहरण रंगभूमीवरचें घेतों. गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘शारदा’ हें नाटक १८९९ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. लोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी गडगंज श्रीमंत पण मसणांत गोवऱ्या गेलेल्या भुजंगनाथाला द्यावयास निघतो. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित व्यवहार जुळवितो. मुलगी आणि तिची आई असहायपणें पाहत राहतात. देवलांचीं साधीं, घरगुती पदें ऐकून एकेकाळीं प्रेक्षागृहें हुंदके देत असत. भावनेचा विजय म्हणून ह्या नाटकाकडे बोट दाखविण्याची चाल आहे, आणि ती वावगी नाहीं.

पण लग्न मोडतें कशानें? शारदेच्या अश्रूंनीं नव्हे. भुजंगनाथाच्या पांढऱ्या केसांनींहि नव्हे. तें मोडतें वधूवर सगोत्र आहेत ह्या मुद्द्यावर. कोदंड ही गोष्ट उघडकीस आणतो, आणि जें लग्न दयेला, लाजेला, वयाला बधलें नाहीं तें गोत्राच्या नियमाला बधतें. पुढें शारदेचा आणि कोदंडाचा विवाह होतो, तोहि शंकराचार्यांची संमति मिळाल्यावर. देवलांनीं आपला प्रेक्षक बरोबर ओळखला होता. तो रडेल, पण रडूं आलें म्हणून मांडवांतून उठणार नाहीं. शास्त्राचा आधार दाखविला कीं मात्र उठेल. ह्यांत नाटककाराचें व्यवहारज्ञान आहे, आणि नाटकाची मर्यादाहि आहे. शारदा सुटली ती तिच्या दुःखाला कोणी कारण मानलें म्हणून नव्हे, तर एक आडवा नियम अनायासें मदतीस आला म्हणून. भुजंगनाथाचें गोत्र निराळें असतें तर? सर्व प्रेक्षकांचे अश्रु तसेच वाहिले असते आणि सप्तपदीहि तशीच पार पडली असती.

ह्या प्रश्नाचें उत्तर नाटकांत नाहीं. तें पुढें तीस वर्षांनीं कायद्यानें दिलें. १९२९ सालीं बालविवाहाला आळा घालणारा जो कायदा झाला, त्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा आणि मुलाचें अठरा ठरविलें. तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नांवानें ओळखला गेला, आणि महाराष्ट्रांत अनेकांच्या तोंडीं तो ‘शारदा कायदा’ झाला. नांवाचा हा योगायोग होता. परंतु लोकांना तो खरा वाटावा इतका त्या मुलीशीं त्यांचा जिव्हाळा जडला होता. कायद्याला मात्र असा जिव्हाळा नसतो, आणि तेंच त्याचें सामर्थ्य. जिच्यावर कोणी नाटक लिहिलें नाहीं, जिच्यासाठीं कोणी रडलें नाहीं, अशा मुलीलाहि तो लागू पडतो.

५

आपल्या नैयायिकांनीं दुसऱ्याला पटवून देण्याच्या अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर दिसतो, हा हेतु. जेथें धूर असतो तेथें अग्नि असतो, जसें स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. हा डोंगरहि तसाच धुरानें युक्त आहे, हा उपनय. म्हणून येथें अग्नि आहे, हें निगमन. ग्रीकांच्या अनुमानाला उदाहरणाची गरज भासली नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं मात्र घरांतील चूल दाखविल्याखेरीज डोंगरावरचा अग्नि सिद्ध झाला असें मानिलें नाहीं. मला ह्यांत मनुष्यस्वभावाची मोठी ओळख दिसते.

ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आगरकर आणि हरिभाऊ हे दोन पंथांचे लेखक राहत नाहींत. आगरकरांनीं हेतु दिला, हरिभाऊंनीं उदाहरण दिलें. उदाहरणावांचून हेतु हा हवेंतला धूर, आणि हेतूवांचून उदाहरण ही एकाच घरची चूल. निगमन लिहिण्याचें काम कायद्यानें उशिरां कां होईना पार पाडलें. पण पांचांतला चवथा अवयव कोणी पुरवावयाचा? ‘हा डोंगरहि तसाच आहे’ असें म्हणणारा कोण? तो अवयव निबंधकार पुरवूं शकत नाहीं, कादंबरीकार पुरवूं शकत नाहीं, कायदाहि पुरवूं शकत नाहीं. तो वाचकानेंच पुरवावा लागतो. आणि बहुतेक अनुमानें तेथेंच अडून राहतात.

हें मला कोणत्याहि ग्रंथानें शिकविलें नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं दोन वाचनें चालत. ओटीवर काकांचें. ते वकील होते. आगरकरांचे निबंध त्यांना जवळजवळ मुखोद्गत होते, आणि संध्याकाळीं जमलेल्या मंडळींत कोणत्याहि रूढीच्या बाजूनें कोणी बोललें कीं ते दोन प्रश्नांत त्याला निरुत्तर करीत. माजघरांत काकूंचें. त्या हरिभाऊंच्या कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवीत आणि शेजारच्या दोघीतिघी ऐकावयास येत. ह्या दोन्ही वाचनांच्या मधें आमची आत्या असे. ती लहान वयांत विधवा होऊन माहेरीं परत आलेली. ओटीवर चहा तिनें करून पाठवावा. माजघरांत तांदूळ निवडतां निवडतां तिनें वाचन ऐकावें. डोक्यावरून घेतलेला पदर मीं कधीं ढळलेला पाहिला नाहीं.

चैत्रांतील हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशींची गोष्ट आहे. यमूच्या केशवपनाचा प्रसंग चालला होता. काकूंचा आवाज दाटून आला, ऐकणाऱ्या बायकांनीं डोळ्यांस पदर लाविला, आणि कांहीं वेळ कोणीच बोलेना. मग काकूंनीं पुस्तकांत खूण घातली, डोळे पुसले आणि मान वर न करितांच म्हणाल्या, ‘वन्सं, उद्यां डाळ जरा लवकर भिजत घाला हं, बायका चारलाच येतील.’ आत्या ‘बरं’ म्हणाली. दुसऱ्या दिवशीं आंब्याची डाळ आणि पन्हें तिनेंच केलें. बायका आल्या, तेव्हां ती नेहमींप्रमाणें कोठीच्या खोलींत होती. ओटीवर काका त्या दिवशीं कोणाला तरी हळदीकुंकवाची उत्पत्ति समजावून सांगत होते.

काकू निष्ठुर नव्हत्या. त्यांचे अश्रु खरे होते. काका ढोंगी नव्हते. त्यांचें अनुमान निर्दोष होतें. एकीजवळ उदाहरण होतें, दुसऱ्याजवळ हेतु होता, आणि ज्या घरांत हीं दोन्हीं नांदत होतीं त्याच घरांत आत्याला कोठीच्या खोलींतून बाहेर ये म्हणणारें कोणी नव्हतें. भावनेनें विचार करणारा आणि तर्कानें विचार करणारा यांच्यांतील भेदाविषयीं आपण एवढें बोलतों. पण त्या दोघांना एकत्र आणणारी ही एक चूक आपल्या ध्यानांत येत नाहीं. रडणाऱ्याला वाटतें आपण रडलों, म्हणजे झालें. सिद्ध करणाऱ्याला वाटतें आपण सिद्ध केलें, म्हणजे झालें. एकाची दया पुस्तकांतल्या मुलीवर संपते, दुसऱ्याची बुद्धि प्रतिपक्ष्याला गप्प करून संपते.

तेव्हां टीकाकारानें एखाद्या ग्रंथाविषयीं, तो बुद्धीला पटतो कीं हृदयाला भिडतो, एवढेंच विचारून थांबूं नये. तो वाचकाला उपनयापर्यंत आणून सोडतो कीं मधल्याच एखाद्या पायरीवर समाधानानें बसवितो, हेंहि त्यानें विचारावें. हरिभाऊंनीं कादंबरीला जें नांव दिलें तें एरवीं मोठें विचित्र आहे. तें नायिकेचें नांव नाहीं, घटनेचें नाहीं, उपदेशाचेंहि नाहीं. तो एक प्रश्न आहे, आणि तो यमूविषयीं नसून वाचकाविषयीं आहे.

आत्या जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. त्या संध्याकाळीं तांदूळ निवडतांना तिच्या मनांत काय आलें असेल, हें तिला कोणीं विचारलें नाहीं. मी तेव्हां लहान होतों हें खरें. पण पुढें मोठा झालों, हीं दोन्हीं पुस्तकें वाचलीं, त्यांवर लिहिलें, बोललों, आणि ती हयात असेपर्यंत मींहि तें तिला विचारलें नाहीं.